गुणपत्रिकेबाहेरचे गुण

उन्हाळ्याच्या अखेरीस दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय वस्त्यांचे चित्र दोन-चार दिवस पालटून जाते. एका घरी पेढ्यांचे पुडे येतात, चौकात अभिनंदनाचे फलक लागतात, खासगी शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकतात आणि गणेशोत्सव मंडळांपासून ज्ञातिसंस्थांपर्यंत सर्वत्र गुणवंतांच्या सत्काराची तयारी सुरू होते. त्याच इमारतीत एखाद्या मजल्यावरचे दार मात्र लोटलेले असते. तेथील मुलाला साठ-पासष्ट टक्के मिळालेले असतात. तो अनुत्तीर्ण झालेला नसतो. तरीही आप्तांचा दूरध्वनी आला की आईचा आवाज खाली येतो आणि वडील विषय बदलतात. आपण बुद्धीने बेताचे आहोत असा निर्णय झाला आहे, हे सोळा वर्षांच्या त्या मुलाला कोणी न सांगताच समजते. हा निर्णय कोणत्या आधारावर होतो आणि तो देण्याचा अधिकार गुणपत्रिकेला आहे काय, याचा विचार समाजाने शांतपणे करणे आवश्यक झाले आहे.

प्रथम आकड्यांचीच साक्ष काढावी. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली तो ९५.३० टक्क्यांवर चढला आणि २०२१ साली तर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एका वर्षात बारा टक्क्यांनी आटली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांसह काही विषयांचे शाळेकडून मिळणारे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद झाले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. शिवाय महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाचे सरासरी गुण देण्यात आले. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर तयार झाले. शंभर टक्के गुण मिळवणारे विद्यार्थी २०१९ साली वीस होते, ते २०२० साली २४२ झाले. मुले त्याच गावांतील, शिक्षक तेच, घरे तीच. बदलली ती मोजण्याची पट्टी.

या पट्ट्या एकमेकींशी जुळतही नाहीत. राज्य मंडळ आणि अन्य मंडळे यांचे गुण अकरावीच्या प्रवेशासाठी एका तराजूत कसे तोलावेत, हा प्रश्न सोडवण्यासाठी शासनाने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र काढले, २००९ साली नव्वद-दहाचे प्रमाण ठरवले आणि २०१० साली ‘बेस्ट फाइव्ह’ आणले. प्रत्येक वेळी वाद न्यायालयात गेला. दोन मंडळांच्या गुणांची तुलना करताना जेथे शासन आणि न्यायसंस्था यांना इतके कष्ट पडले, तेथे दोन मुलांच्या बुद्धीची तुलना त्याच गुणांवरून घरबसल्या करणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

याचा अर्थ परीक्षेतील गुण निरर्थक असतात असा नाही. ज्या मुलाला नव्वद टक्के मिळतात त्याने वर्षभर नियमाने अभ्यास केलेला असतो, मन आवरलेले असते, वाचलेले लक्षात ठेवलेले असते आणि तीन तासांत नेटकेपणाने लिहून दाखवलेले असते. हे सारे सद्गुणच आहेत आणि त्यांचा गौरव व्हायलाच हवा. मानसशास्त्रही बुद्धी आणि शालेय यश यांच्यात नाते मानते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने नेमलेल्या अभ्यासगटाने १९९६ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. बुद्धिमापन चाचण्यांचे गुणांक आणि शालेय गुण यांच्यातील सहसंबंध सुमारे ०.५ असल्याचे त्यात नमूद आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर मुलामुलांच्या गुणांत जी तफावत दिसते, तिच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा त्या चाचण्यांतील फरकाशी जुळतो. उरलेल्या तीन हिश्श्यांत चिकाटी, आवड, घरातील वातावरण, शिक्षकाचे कौशल्य, शिक्षणाची भाषा, प्रकृती असे किती तरी घटक असतात. चौथ्या हिश्श्यावरून संपूर्ण माणसाचे मोल ठरवण्याची सवय मात्र आपल्या समाजाने लावून घेतली आहे.

या सवयीचे मूळ इतिहासात आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकऱ्यांसाठी इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरवले. १८५४ साली वुडचा खलिता आला, १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शिक्षण, परीक्षा आणि नोकरी यांची साखळी तेव्हापासून पक्की झाली. परकीय राज्यकर्त्यांना कचेऱ्या चालवण्यासाठी नेमून दिलेले काम बिनचूक करणारी माणसे हवी होती आणि ती निवडण्यास अशी परीक्षा सोयीची होती. मात्र कारकुनाची निवड करण्याची चाळणी पुढे बुद्धीची कसोटी म्हणून समाजमनात रुजली. राज्यकर्ते गेले, ही समजूत राहिली.

त्याच व्यवस्थेची एक दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या समाजबांधवांना शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्यांच्यासाठी परीक्षा हे एक उघडे दार ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, ही घटना एका कुटुंबापुरती नव्हती. एका पिचलेल्या समाजाचे मस्तक त्या दिवशी उंचावले. वशिला, घराणे आणि जात यांच्या तुलनेत लेखी परीक्षा अधिक निःपक्षपाती असते, आणि म्हणूनच ती रद्द करा असे म्हणणे गरिबाच्या हातातील साधन काढून घेण्यासारखे होईल. परीक्षा असावी, तिच्या निकालाला तो जितके सांगतो तितकेच बोलू द्यावे. ज्या मुंबई विद्यापीठाने पदव्या दिल्या, त्याच विद्यापीठाने १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांची बी.ए.ची पदवी काढून घेतली आणि १९६० साली ती परत केली. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत सावरकरांनी केलेले लेखन, भाषाशुद्धीचे कार्य आणि समाजसुधारणेचे विचार कोणत्या पदवीच्या आधारावर उभे होते? पदवी काढून घेता आली, बुद्धी काढून घेता आली नाही.

भारतीय परंपरेत बुद्धी या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना स्मृती, मेधा आणि धृती यांची गणना निरनिराळी केली आहे. लक्षात ठेवणे, आकलन करणे आणि धरून ठेवणे या एकाच शक्ती नव्हेत, हे तेथे गृहीत आहे. अठराव्या अध्यायात तर बुद्धीचेही सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले असून काय करावे व काय करू नये, हे जी यथार्थ जाणते ती सात्त्विक बुद्धी, असा विचार मांडला आहे. या कसोटीवर पंचाण्णव टक्के मिळवून पुढे भ्रष्टाचार करणारा अधिकारी कोठे बसेल, आणि चौथी शिकलेला पण गावच्या पाण्याचा न्याय्य वाटा करणारा शेतकरी कोठे बसेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परीक्षा कशी असावी याचाही एक नमुना बौद्ध विनय ग्रंथांत सापडतो. तक्षशिलेत वैद्यक शिकणाऱ्या जीवकाला गुरूंनी सांगितले, की तक्षशिलेभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. औषधी नसलेली एकही वनस्पती आढळली नाही, असे त्याने सांगितले. गुरूंनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मान्य केले. या परीक्षेत पाठांतर उपयोगी नव्हते. पाहणे, ओळखणे, पडताळणे आणि हाती काही न लागल्याचे निर्भयपणे सांगणे, एवढ्यांची पारख गुरूंनी एका प्रश्नात केली.

आधुनिक काळातील सर्वांत बोलके उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे आहे, आणि त्यातून सामान्यतः काढला जातो त्यापेक्षा वेगळा बोध घेण्याची गरज आहे. कुंभकोणम येथे शाळेत चमकलेले रामानुजन महाविद्यालयात गणितात इतके बुडाले, की इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊन त्यांची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातून ते एफ.ए.च्या परीक्षेस बसले आणि १९०६ व १९०७ अशी दोन्ही वर्षे अनुत्तीर्ण झाले. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपये पगारावर त्यांनी कारकुनी पत्करली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले आणि १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी भारतात काय घडले, हे मात्र विसरले जाते. रामचंद्र राव यांच्यासारख्या अधिकाऱ्याने या बेकार तरुणाला दरमहा पंचवीस रुपये दिले, पोर्ट ट्रस्टमधील नारायण अय्यर यांनी त्यांच्या वह्या समजून घेतल्या, आणि मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा पंच्याहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. परीक्षेने नाकारलेल्या बुद्धीला डोळस माणसांनी ओळखले, म्हणून ती टिकली. अशी माणसे न भेटल्यामुळे किती रामानुजन कारकुनीतच संपले असतील, याची नोंद कोणत्याही विद्यापीठाकडे असणार नाही.

बुद्धिमापन हे शास्त्रही मुळात मुलांवर शिक्का मारण्यासाठी जन्मले नव्हते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना विशेष साहाय्य देता यावे म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते, ही कल्पना बिने यांना मान्य नव्हती. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. तेथे प्रवेशासाठी आधीच्या इयत्तांतील टक्केवारी पुरेशी मानली गेली नाही. गिलफर्ड यांच्या प्रतिमानाच्या आधारे बुद्धीच्या विविध पैलूंचा वेध घेणाऱ्या चाचण्या रचण्यात आल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बुद्धिमान मुलाची बुद्धी राष्ट्रासाठी आहे, हा संस्कार तेथे शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला गेला. बुद्धी कशासाठी, हा प्रश्न विचारल्यावाचून बुद्धी किती, या प्रश्नाला अर्थ येत नाही.

शाळेच्या भिंतीबाहेरची बुद्धी शाळेला दिसत नाही, याला आता संशोधनाचाही आधार मिळाला आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह काही संशोधकांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजी विकताना किलो-ग्रॅमचे आणि सुट्या पैशांचे किचकट हिशेब ही मुले तोंडी आणि अचूक करतात. तीच मुले पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडखळतात. शाळेत नियमित जाणारी मुले कागदावर उदाहरणे सोडवतात, पण बाजारातील हिशेबापुढे थबकतात. दोन्ही मुलांकडे बुद्धी आहे. शाळेने बाजार पाहिला नाही आणि बाजाराला शाळा भेटली नाही, ही त्रुटी व्यवस्थेची आहे.

महाराष्ट्राच्या मातीत अशी उदाहरणे मुबलक आहेत. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांची काव्यसंपदा त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी सारस्वत थक्क झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. आपल्या शेतातील भाताच्या वेगळ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करत बियाणे वाढवले आणि ‘एचएमटी’ हा लोकप्रिय वाण दिला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. त्यांनी जतन केलेल्या गावरान बियाण्यांसाठी २०२० सालच्या पद्मश्री सन्मानात त्यांचे नाव आले. निरीक्षण, वर्गीकरण, तुलना आणि धीर ही संशोधकाची लक्षणे असतील, तर या तिघांनाही संशोधकवृत्तीची माणसे म्हणावे लागेल.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला, पण मनांतील शिक्का पुसला गेला नाही. या समाजातील मूल शाळेत आले, की त्याला न कळणारी भाषा, न पाहिलेली चित्रे आणि न ऐकलेल्या कविता पुढे येतात आणि ते मूल ‘ढ’ ठरते. पक्ष्यांचे आवाज, जनावरांचा माग, झाडपाल्याचे गुण यांचे त्याचे ज्ञान कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ साली सुरू झालेला प्रकल्प आणि पुढे चिंचवडला उभे राहिलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् यांच्या मागे हीच जाणीव आहे. गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा एका कार्यकर्त्याबरोबरच या दृष्टीचाही सन्मान झाला. मुलाला काय येत नाही याची यादी करण्याआधी त्याला काय येते हे पाहावे, ही ती दृष्टी होय.

या प्रश्नाची निकड किती आहे, हे एक आकडा सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. यातील प्रत्येक दुर्घटनेमागे परीक्षाच होती असे नव्हे; कारणे अनेक आणि गुंतागुंतीची असतात. पण ज्या घरात मुलाचे मोल टक्क्यांत ठरते, तेथे त्याचे दुःख बोलून दाखवण्याची जागाच उरत नाही. राष्ट्राची ही हानी कोणत्याही गुणवत्तेने भरून निघणारी नाही.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. शाळेवाचून मोठ्या झालेल्यांची उदाहरणे देऊन अभ्यासाकडे पाठ फिरवण्याचे समर्थन करता येणार नाही. रामानुजन अनुत्तीर्ण झाले ते आळसामुळे नव्हे. त्यांच्या गणिताच्या वह्या त्यांच्या परिश्रमाची साक्ष देतात. खोब्रागडे यांच्या एका वाणामागे अनेक हंगामांची तपश्चर्या आहे. ‘गुणांत काय आहे’ असे म्हणण्याची चैन सुस्थितीतील कुटुंबाला परवडते. सेवावस्तीतील मुलीला दहावीचे प्रमाणपत्र हेच बालविवाहापासून वाचवणारे कवच असू शकते. म्हणून अभ्यासाची शिस्त सैल न करता निकालाचा अर्थ मात्र मर्यादित ठेवणे, हा विवेक साधला पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या दिशेने काही पावले टाकली आहेत. सर्वांगीण प्रगतीची नोंद, पाठांतराऐवजी आकलनावर भर, मातृभाषेतील प्रारंभिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षणाला प्रतिष्ठा या गोष्टी त्यात आहेत. तथापि कागदावरची सुधारणा वर्गात पोहोचतेच असे नाही. अंतर्गत मूल्यमापनाचा हेतू मुलाचे वेगळे गुण टिपणे हा होता. अनेक ठिकाणी ते वीसपैकी वीस देण्याचे साधन बनले. पालकांना टक्केच हवे असतील, तर शाळा टक्केच देणार. धोरण शासन बदलू शकते, दृष्टी समाजाने बदलायची असते.

हे काम घरापासून आणि कार्यकर्त्यांपासून सुरू होऊ शकते. संघस्थानावर मुलाची गुणपत्रिका कोणी विचारत नाही. पडलेल्याला हात कोण देतो, हरल्यावर कोण चिडत नाही, पावसात वेळेवर कोण येतो, गटातील बुजऱ्या मुलाला खेळात कोण ओढून घेतो, हे गटनायकाला महिनाभरात कळते. हीच पारख घरातही आली पाहिजे. निकालाच्या दिवशी दार लोटून न घेता मुलासह सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्याला कशात रस आहे याची चर्चा करावी. सत्कार समारंभ करणाऱ्या मंडळांनी टक्केवारीच्या यादीबरोबर आजारी आजीची सेवा करून परीक्षा देणारी मुलगी, यंत्र उघडून दुरुस्त करणारा मुलगा, अभ्यासिकेत लहानांना शिकवणारा विद्यार्थी यांनाही व्यासपीठावर बोलवावे. शिक्षक स्वयंसेवकांनी वर्गातील शेवटच्या बाकावरील प्रत्येक मुलाचा एक तरी गुण वर्षभरात शोधून त्याच्या पालकांना कळवावा. यासाठी निधी लागत नाही, शासननिर्णय लागत नाही.

मराठी भाषेत परीक्षेतील आकड्याला आणि माणसाच्या चांगुलपणाला ‘गुण’ हा एकच शब्द आहे. पहिल्या अर्थाचे गुण मंडळ देते आणि एका कागदावर मावतील एवढेच देते. दुसऱ्या अर्थाचे गुण ओळखणे, वाढवणे आणि राष्ट्राच्या कामी लावणे हे घराचे, गुरूचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य मंडळावर सोपवून मोकळे होता येणार नाही.